सुईदोरा, कुंडी आणि उद्याचे काम



दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांच्या तक्रारी आता मला तोंडपाठ झाल्या आहेत. गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठावे लागते, पोट साफ होत नाही, तळपायांची आग होते. यांतल्या प्रत्येक तक्रारीवर माझ्याजवळ काही ना काही उपाय असतो. परंतु तपासणी संपल्यावर, औषधांची चिठ्ठी हातात घेऊन उठता उठता, पुष्कळजण आणखी एक वाक्य बोलतात : "बाकी ठीक आहे डॉक्टर, पण दिवस जात नाही."

या वाक्यावर औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही आणि रक्ताच्या कोणत्याही तपासणीत ते दिसत नाही. तरीही २७ वर्षे व्यवसाय केल्यावर मी त्याकडे रक्तदाबाच्या आकड्याइतकेच लक्ष देतो. ज्याचा दिवस जात नाही, तो दुपारी उगाच झोपतो. दुपारी झोपल्यामुळे रात्री झोप येत नाही. मग तो झोपेची गोळी मागतो. त्या गोळीच्या गुंगीत रात्री शौचालयाकडे जाताना तोल जातो, आणि खुब्याचे हाड मोडून रुग्ण अंथरुणाला खिळतो. ही साखळी मी अनेक घरांत पाहिली आहे. तिची पहिली कडी म्हणजे रिकामी दुपार.

म्हणून आज आपल्याशी दोन साध्या घरगुती छंदांविषयी बोलायचे आहे : शिवणकाम आणि गॅलरीतील बाग. या दोहोंत एक गुण समान आहे. ही कामे एका बैठकीत संपत नाहीत. शिवण अर्धी राहते, आणि बी रुजायला काही दिवस घेतेच. त्यामुळे रात्री अंथरुणाला पाठ टेकताना उद्यासाठी काहीतरी बाकी असते. उतारवयात हे 'उद्याचे काम' किती मोलाचे असते, ते मी पुस्तकांतून शिकलो त्याहून अधिक माझ्या घरात शिकलो.

पडदा खरोखर फाटला होता

माझी आई ८२ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी वडील गेले आणि वाईचे घर बंद करून ती डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आली. येताना तिच्या सामानात पायाने चालवायचे जुने शिलाई मशीन होते. आमच्या लहानशा घरात ते ठेवायचे कोठे, हा प्रश्नच होता. एका नातेवाइकाने भंगारवाल्याला बोलावण्याची सूचना केली. माझ्या पत्नीने ती ऐकून घेतली आणि मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीखाली लावून टाकले.

पहिले चार महिने आईने त्याला हात लावला नाही. ती सकाळी आवरून खुर्चीत बसे. कोणी "वेळ जाईल, काहीतरी शिवत बस ना" असे म्हटले, तर "मला आता काय करायचंय" एवढेच उत्तर येई.

माझ्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलाला आडोसा म्हणून एक हिरवा पडदा आहे. त्या पावसाळ्यात तो कड्यांपाशी फाटला. शिंपी पंधरा दिवसांची मुदत मागत होता. मी पडदा घरी आणला आणि आईला अडचण सांगितली. तिने तो उलटसुलट करून उजेडात धरला. "कापड जून झालंय. नुसती टीप टिकायची नाही, आतून पट्टी लावावी लागेल," ती म्हणाली आणि मशीनला तेल घालायला सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडदा तयार होता.

आधीही तिला शिवायला सांगणारे आम्हीच होतो. फरक इतकाच, की या वेळी पडदा खरोखर फाटला होता आणि तो शिवला गेला नसता तर कोणाची तरी अडचण होणार होती. वडीलधाऱ्यांना खोटे काम तत्काळ ओळखू येते. लहान मुलाच्या हाती खेळणे द्यावे तसे काम त्यांच्या पुढ्यात ठेवले, तर ते विनयाने बाजूला सारतात. खरे काम मात्र त्यांना खुर्चीतून उठवते.

पडद्यानंतर आईने गोधडी काढली. जुन्या सुती साड्या, आतल्या थराला वडिलांची दोन धोतरे. धोतरे अंथरताना ती वडिलांविषयी बोलू लागली. चार महिन्यांत ती त्यांचे नावही घेत नव्हती. त्या दुपारी मात्र ती बोलत राहिली आणि हात चालत राहिला. दुःखाला शब्द फुटायला कधीकधी हात गुंतलेले असावे लागतात. समोरासमोर बसून "मन मोकळे करा" असे सांगितल्याने ते साधत नाही.

कुंडीला पाणी कोणी घालायचे?

एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात तो केला होता. दोन मजल्यांवरील रहिवाशांना एकेक रोप मिळाले. एका मजल्यावर त्यांना सांगितले गेले, की आपली खोली कशी मांडायची आणि वेळ कसा घालवायचा ते आपणच ठरवा. आवडेल ते रोप निवडा आणि त्याची काळजीही आपणच घ्या. दुसऱ्या मजल्यावर तितक्याच आपुलकीने सांगितले गेले, की आपली काळजी घ्यायला आम्ही आहोत. रोपालाही परिचारिका पाणी घालतील. तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक उत्साही आणि सजग आढळली, इतरांत अधिक मिसळू लागली होती.

प्रयोग लहान होता, आणि हा सारा परिणाम एकट्या रोपाचा नव्हता. आपले निर्णय आपण घेण्याची मोकळीक हा त्याचा गाभा होता. परंतु दुसऱ्या मजल्यावरची ती आपुलकी आपल्या घरांत आपण रोज पाहतो. "राहू द्या आजी, मी करते." "बाबा, तुम्ही बसा, पाणी मी घालतो." त्यामागे प्रेमच असते. मात्र अशा प्रेमाने एकेक काम हातातून काढून घेतले जाते, आणि एक दिवस लक्षात येते की बसून राहण्याखेरीज त्या माणसाकडे काहीच उरलेले नाही.

मी सुश्रूषा करणाऱ्यांना सांगतो, की काम काढून घेण्यापूर्वी ते सुरक्षित करता येईल का, याचा विचार करा. बहुतेक वेळा करता येते.

शिवायला बसताना

प्रथम उजेड. साठीनंतर डोळ्यांना तरुणपणापेक्षा पुष्कळ अधिक उजेड लागतो. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी खिडकी किंवा दिवा डाव्या बाजूला येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. गडद कापडावर गडद दोऱ्याचे काम दिवसाच करावे. जवळच्या कामाचा चष्मा शेवटचा कधी तपासला, ते आठवून पाहावे. दर वीस मिनिटांनी मान वर करून दूरच्या झाडाकडे किंवा समोरच्या इमारतीकडे पाहावे.

सुईत दोरा ओवणे हा अनेकांचा अडसर असतो. आमच्याकडे माझा मुलगा रात्री दहा सुया ओवून छोट्या उशीत टोचून ठेवतो. आजीचे दुसऱ्या दिवसाचे काम अडत नाही. मोठ्या नेढ्याच्या सुया आणि पातळ तारेची ओवणीही बाजारात मिळते.

मान वाकवून तासभर शिवले की मणक्यांचे दुखणे बळावते. मांडीवर उशी घेऊन काम वर आणावे, म्हणजे मान कमी वाकते. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर जड कात्री टाळावी. स्प्रिंगने आपोआप उघडणारी हलकी कात्री घ्यावी. हात कापत असेल तर बारीक भरतकामाचा हट्ट नको. जाड दोऱ्याने गोधडीचा धावदोरा घालता येतो, बटणे रंगानुसार लावता येतात, उसवायची शिवण उसवता येते. पायमशीन चालवताना गुडघा दुखत असेल तर मोटर बसवता येते. परंतु मोटरचा वेग हळू ठेवावा आणि बोटे सुईपासून दूर राहतील याची काळजी घ्यावी.

मधुमेहींसाठी एक सूचना मी आवर्जून देतो. ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना जमिनीवर पडलेली सुई टोचलेली कळतही नाही. जखम चिघळल्यावर मोज्यावर डाग दिसतो, तेव्हा ती लक्षात येते. म्हणून सुया मोजून काढाव्यात आणि मोजूनच परत ठेवाव्यात. डब्यात एक लोहचुंबक ठेवावे. शिवण आवरल्यावर ते जमिनीवरून फिरवावे. घरातही चप्पल घालावी आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. रक्त पातळ राहण्याची औषधे घेणाऱ्यांनी बोटात अंगुस्तान घालून शिवावे. टोचल्यास काही मिनिटे घट्ट दाबून धरावे.

काय शिवावे, हे विचारणाऱ्यांना मी घरातच शोधायला सांगतो. भाजीची कापडी पिशवी, नातवंडाच्या शर्टाचे बटण, उशीचा अभ्रा, नव्या बाळासाठी दुपटे. ज्येष्ठ पुरुषांनीही यात संकोच करू नये. जखमेला टाके घालणे हा माझ्या व्यवसायाचाच भाग आहे; शर्टाला बटण लावणे त्याहून खचितच सोपे आहे. मीही आईजवळ बसून पिशव्या शिवायला शिकलो. माझी शिवण अजून वाकडी जाते, आणि ती उसवायला सांगण्यात आईला विशेष आनंद होतो.

गॅलरीतली चार कुंड्यांची शेती

आमची गॅलरी जेमतेम तीन फूट रुंद आहे आणि तिच्यात सकाळचे चार तास ऊन येते. तेवढ्या जागेत तुळस, गवती चहा, कढीपत्ता, ओव्याची पाने, मोगरा आणि एका पसरट भांड्यात आलटूनपालटून मेथी किंवा कोथिंबीर असते. हा विभाग माझा. आईचा केवळ देखरेखीचा अधिकार, जो ती पुरेपूर बजावते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मेथीपासून करावी. चारपाच इंच खोल, तळाला भोके असलेले पसरट भांडे घ्यावे. माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळून भरावे. स्वयंपाकघरातले मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरावे, वर मातीचा पातळ थर द्यावा आणि हाताने पाणी शिंपडावे. तीनचार दिवसांत हिरवी टोके दिसू लागतात आणि सुमारे महिनाभरात भाजी खुडता येते. धणे हलकेच रगडून दोन भाग करून पेरावे. त्यांना उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तेव्हा धीर सोडून माती उकरू नये. ओव्याच्या पानांची फांदी नुसती खोचली तरी जगते. ऊन कमी असेल तर पुदिना, अळू किंवा विड्याच्या पानाचा वेल लावावा.

कुंडीतली माती बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत कोरडी लागली तरच पाणी घालावे. घरातली बरीच झाडे तहानेने मरत नाहीत, अति पाण्याने मुळे कुजून मरतात.

आता वैद्याच्या सूचना. ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी १५ किलोंहून जड भरू शकते. ती ज्येष्ठांनी उचलू नये. पाच लिटरची झारी म्हणजे पाच किलो वजन. हाडे ठिसूळ झालेल्यांनी एक लिटरची बाटली घ्यावी आणि दोन फेऱ्या अधिक माराव्यात. तेवढेच चालणे होते. कुंड्या कमरेच्या उंचीच्या मांडणीवर ठेवाव्यात, म्हणजे उकिडवे बसावे लागत नाही. खाली बसून काम केलेच, तर उठताना आधी खुर्चीवर टेकावे, दहा श्वास घ्यावेत आणि मग उभे राहावे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही औषधांमुळे एकदम उठल्यावर चक्कर येते. कठड्यापाशी तर हे फारच जपायला हवे. स्टुलावर चढून टांगलेल्या कुंड्यांना पाणी घालणे मात्र पूर्णपणे बंद करावे. गॅलरीतल्या ओल्या फरशीवर पकड असलेली चप्पल हवी. दुपारी तापलेल्या फरशीवर मधुमेहींचे बधिर तळपाय भाजतात आणि त्यांना ते कळत नाही.

कुंडीखालच्या ताटल्यांत साचलेले स्वच्छ पाणी हे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे माहेरघर. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून ताटल्या ओतून टाकाव्यात आणि कडा घासून धुवाव्यात. केवळ ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी असतानाही अनेक महिने टिकतात.

मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. हातमोजे घालावेत, खरचटल्यास साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे, आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आपल्या डॉक्टरांना सांगावे. दर दहा वर्षांनी वर्धक मात्रा घ्यावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे. दम्याच्या रुग्णांनी कोरडे खत हाताळताना आधी त्यावर पाणी शिंपडावे आणि मुखपट्टी लावावी. घरात स्मृतिभ्रंशाची व्यक्ती किंवा लहान मूल असेल तर कण्हेर, बिट्टी, डिफेनबेकिया यांसारखी विषारी झाडे लावू नयेत. कण्हेरीचे विष थेट हृदयावर परिणाम करते.

बागेमुळे चालण्याच्या व्यायामाची जागा भरून निघत नाही, आणि गॅलरीतल्या कोवळ्या उन्हाच्या भरवशावर 'ड' जीवनसत्त्वाची लिहून दिलेली औषधे थांबवू नयेत.

अंथरुणावरून दिसणारे झाड

"आमच्या घरचे उठूच शकत नाहीत, त्यांनी काय करावे?" असे आपण विचाराल. १९८४ साली रॉजर उलरिख यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांची तुलना विटांची भिंत दिसणाऱ्या तितक्याच रुग्णांशी केली होती. झाडे पाहणारे काहीसे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. तेव्हा रुग्णाची खाट फिरवून गॅलरीकडे तोंड करता आले, तर अवश्य करावी.

पाहण्यापेक्षा थोडे अधिकही करता येते. माझे एक रुग्ण निवृत्त कारकून आहेत. अर्धांगवायूने त्यांचा डावा हात अधू झाला. त्यांच्या सुनेने खाटेशेजारी एक कुंडी आणि एक वही ठेवली. उजव्या हाताने पाणी घालायचे, डाव्या हाताने कुंडीचा काठ धरून ठेवायचा प्रयत्न करायचा, आणि काय घडले ते वहीत लिहायचे. 'मेथी पेरली. पाऊस. पहिले पान.' कचेरीतल्या नोंदवहीसारख्या तारीखवार नोंदी. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले हाताचे व्यायाम ते कंटाळून टाळत असत. कुंडी धरण्याचे मात्र टाळत नाहीत. त्यांचा हात पूर्ववत झाला, असे मी म्हणणार नाही. परंतु आता मी घरी तपासायला गेलो की ते आधी वही दाखवतात, नंतर तक्रारी सांगतात.

छंद थांबला, तर कारण विचारा

छंदाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो सुश्रूषा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. हात रोज जे काम करतो, त्यातला बदल आजाराची पहिली खूण ठरू शकतो.

निळ्या कापडाला भलत्याच रंगाचा दोरा लावला जातो आहे का? मोतीबिंदू पिवळसर होत गेला की निळ्या-जांभळ्या छटा नीट ओळखू येत नाहीत. टाके मोठे आणि वाकडे होऊ लागले? नजर तपासावी. एका हाताला अलीकडे काम जमेनासे झाले, तो स्वस्थ असताना कापतो, अक्षर बारीक होत चालले आहे? कंपवाताची शंका घ्यावी. अचानक, काही मिनिटांत हातातली सुई गळली, बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर मात्र वाट न पाहता रुग्णवाहिका बोलावून तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. अर्धांगवायूत एकेक मिनिट मोलाचे असते.

एका घरातली सारी झाडे एकापाठोपाठ कुजू लागली. सगळ्यांना वाटले, माती खराब आहे. आजी दिवसातून चारपाच वेळा पाणी घालत होत्या, कारण आधी घातल्याचे त्यांना आठवत नव्हते. मुलीने ही गोष्ट सहज बोलता बोलता सांगितली आणि त्यावरून आम्ही स्मृतीची चाचणी घेतली. सोबत थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वही तपासले, कारण विस्मरणाची काही कारणे उपचाराने सुधारतात. त्यांच्या बाबतीत निदान स्मृतिभ्रंशाचेच झाले. तरी कुंड्या काढल्या नाहीत. मुलीने गॅलरीच्या दारापाशी एक छोटी बाटली ठेवली. ती सकाळी एकदाच भरायची. बाटली रिकामी असेल तर पाणी घालून झाले. आजींचे काम आजींकडेच राहिले आणि झाडेही तगली.

आणि समजा, हात, डोळे, स्मृती सारे ठीक असूनही आवडीचे काम दोन आठवड्यांहून अधिक काळ टाकून दिले, झोप आणि भूकही उडाली, तर ते 'वयोमानाने' आहे असे म्हणून सोडू नये. ते नैराश्य असू शकते. त्यावर छंद हा उपचार नव्हे. डॉक्टरांचा सल्लाच हवा. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आपल्या दूरध्वनीशेजारी लिहून ठेवावा.

सुश्रूषा करणाऱ्यांशी दोन शब्द

आपणास माझी विनंती आहे, की कामाचा दर्जा तपासू नका. शिवण वाकडी गेली तरी ती रात्री गुपचूप उसवून सरळ करू नका. दुसऱ्या दिवशी ते कळते आणि मन दुखावते. मेथीची मूठभरच भाजी निघाली तरी ती त्याच दिवशी वरणात घाला आणि जेवताना सांगा की ही घरची. शिवलेली पिशवी कपाटात जपून ठेवू नका, बाजारात न्या.

छंद लादू नका. ज्यांनी आयुष्यभर कधी सुई धरली नाही, त्यांना कदाचित सायकल दुरुस्त करणे, धान्य निवडणे, जुनी छायाचित्रे लावणे आवडेल. विचारायचा प्रश्न एकच : हे काम त्यांना स्वतःचे वाटते का?

आणि आपल्या स्वतःसाठीही दिवसाचा अर्धा तास राखा. आजारी माणसाच्या उशाशी वर्षानुवर्षे बसणाऱ्या सुना, मुली, मुलगे आणि पती-पत्नी माझ्याकडे डोकेदुखी, पाठदुखी, निद्रानाश घेऊन येतात. त्यांच्या दिवसातले प्रत्येक काम दुसऱ्याच्या वेळेवर चालते. स्वतःच्या हाताने लावलेल्या मोगऱ्यापाशी चहाचा पेला घेऊन बसणे हा आळस नव्हे. त्या अर्ध्या तासात घरातल्या दुसऱ्या कोणीतरी रुग्णाकडे पाहावे, आणि हे घरात स्पष्ट बोलून ठरवून घ्यावे. न सांगता कोणी ओळखत नाही.

येत्या रविवारी एवढे करून पाहा. घरात काय उसवले आहे, काय फाटले आहे, याचा शोध घ्या आणि ती वस्तू आपल्या घरातील ज्येष्ठांपुढे खऱ्या गरजेने ठेवा. शेजारी एका पसरट भांड्यात माती भरा, मूठभर मेथीदाणे भिजत घाला. आणि आपण स्वतः ज्येष्ठ असाल तर शिवता शिवता संध्याकाळ झाली म्हणून घाईने गाठ मारू नका. सुई मोजून डब्यात ठेवा, कापडाची घडी करा आणि उरलेली शिवण खुशाल उद्यावर टाका.